दुसरा नारळ

दुसऱ्याने घातलेली चादर मला पुन्हा घालावी लागते. नवऱ्याने लावलेली भांडी मी काढून परत लावते. टॅक्सीत बसले की ड्रायव्हरला कुठली लेन पकडायची तेही सांगते. माझी मुलगी मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणते, "आई, यू आर डूइंग इट अगेन." मी करतच असते. हात बांधून दुसऱ्याचं काम बघत बसायचं म्हटलं की माझ्या अंगावर मुंग्या चढतात.

अशा स्वभावाच्या बाईने धंद्यात पडू नये असं नवऱ्याचं मत होतं. ते त्याने एकदाच बोलून दाखवलं, दुबईतल्या आमच्या बाल्कनीत, कपडे वाळत घालता घालता. मी इतकी भडकले की बिचाऱ्याने उरलेले कपडे तसेच बादलीत ठेवले. मीच मग ते वाळत घातले, माझ्या पद्धतीने.

धंदा मोदकांचा. उकडीच्या मोदकांचा. आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती बसतो. दर्शनाला आलेल्या एकीने मोदक खाल्ले, पुढच्या वर्षी तिने आपल्या नैवेद्यासाठी करून मागितले, तिच्याकडे कुणी खाल्ले त्यांनी मागितले, आणि असं करत करत अबू धाबीहून, अल रीम आयलंडच्या उंच इमारतींमधून फोन यायला लागले. तिथे मराठी घरं बरीच आहेत. नवरा-बायको दोघं नोकरीला, गणपती हौसेने बसवतात, पण उकड काढायला वेळ कुणाला आहे? त्यांना माझे मोदक आवडायचे, आणि मोदकांपेक्षाही एक गोष्ट जास्त आवडायची. ती मी प्रत्येकाला आवर्जून सांगायचे: नैवेद्याचं मी चाखत नाही.

आमच्या घरात हे लहानपणापासूनचं. देवाला दाखवल्याशिवाय कुणी जिभेला लावायचं नाही. मीठ अंदाजाने, गूळ नजरेने, सारण शिजलं की नाही ते वासाने. आणि माझं चुकत नसे. लोक म्हणायचे, हाताला चव आहे. असं कुणी म्हटलं की मी वरवर लाजायचे आणि आतून फुलून जायचे.

चतुर्थीच्या सकाळी आमच्या स्वयंपाकघरात एकच अडचण असायची, नवरा. मी नारळ फोडायला घेतला की हा हातात पेला घेऊन हजर. नारळाचं पाणी प्यायचा आणि तिथेच ओट्याला टेकून उभा राहायचा. कधी पेला ठेवून म्हणायचा, "दुसरा फोड." मला वाटायचं, याची तहान भागत नाही. सणाच्या दिवशी डोक्यावर ढीगभर काम आणि याला पाणी प्यायला दुसरा नारळ हवा! मी कुरकुरत दुसरा फोडायचे, पहिला बाजूला सारायचे आणि त्याला ढकलून बाहेर काढायचे.

मग एवढ्या ऑर्डर घरातून करता येईनात. परवाना हवा, वेगळं किचन हवं. मी बँकेतल्या एचआरच्या नोकरीचा राजीनामा दिला. ऑफिसने मला नारळ दिला नव्हता, मीच तो मागून घेतला होता. माझ्या बॉसला ते पटलं नाही. इथल्या आपुलकीच्या भाषेत तो म्हणाला, "हबीबती, तुझी जागा मी इतक्यात भरत नाही. तुमचा तो फेस्टिव्हल होऊ दे, मग मला सांग." तो चांगल्या मनाने म्हणाला, पण त्या दिवसापासून ती रिकामी खुर्ची माझ्या मागे लागली. मी स्वतःशी ठरवून टाकलं होतं की पहिला गणपती नीट पार पडला तर धंदा, नाहीतर परत ती खुर्ची, तो गार एसी, ते लीव्ह अप्रूव्हल.

किचन मिळालं रास अल खोरला. एका बाजूला ट्रक दुरुस्तीचं वर्कशॉप, दुसऱ्या बाजूला टायरांचं गोदाम, मध्ये आम्ही मोदकवाले. परवान्याची कामं मी स्वतः करायची ठरवली. टायपिंग सेंटरच्या खुर्चीवर बसून मी अरबी टाइप करणाऱ्या माणसाला कुठल्या चौकटीत काय लिहायचं ते सांगत होते, आणि मला अरबी येत नाही. अर्ज परत आला. पुन्हा गेले, पुन्हा परत आला. तिसऱ्यांदा नवऱ्याने मला न विचारता कागद एका माहीतगार माणसाच्या हातात दिले आणि ते काम गुपचूप होऊन गेलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी दोन दिवस नवऱ्याशी बोलले नाही.

त्यानेच मग आपांना आणलं. आपा मूळच्या रत्नागिरीकडच्या, खाडीकाठच्या गावातल्या. लग्न होऊन इकडे आल्या, मोठ्या हॉटेलांच्या किचनमध्ये वर चढत गेल्या, आणि आता लोकांची किचनं उभी करून देतात. त्यांची फी मी दिरहममध्ये ऐकली आणि रुपयांत ओरडले. आपा हसल्या. म्हणाल्या, "वहिनी, हात खूप मिळतात बाजारात. मी जीभ विकते. ती महाग असते."

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी मोदकपात्रं हलवली. वाफ एसीच्या तोंडावर जात होती, हे खरं होतं. तांदळाची पिठी ठेवायची जागा बदलली, तेही बरोबर होतं. त्या निघून गेल्यावर मी पिठीचे डबे परत पहिल्या जागी ठेवले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी काही न बोलता पुन्हा त्यांच्या जागी नेले. असे ते डबे आठवडाभर फिरत होते. किचनमधल्या बायका, सगळ्या आपल्याकडच्याच, कुणी सातारची कुणी ठाण्याची, कळ्या पाडण्यात एकीपेक्षा एक तरबेज, त्या माना खाली घालून हसू दाबायच्या.

शेवटी आपांनी तो प्रश्न विचारला.

"चाखतं कोण?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "नैवेद्याचं आहे."

"ते मला ठाऊक आहे. आमच्या शेजारी गणपती बसायचा, मोदक खातच मोठी झाले मी. पण तिथे नारळ परसातला होता, वहिनी. इथे नारळ कुठून येतो ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं."

"मग काय, देवाचं उष्टं करू?"

"तसं कुठे म्हटलं मी? क्वालिटी चेक कोण करतं, एवढंच विचारलं."

"मी करते. वासाने."

"इन्शाल्ला," आपा म्हणाल्या. इथे राहिलेल्या माणसाला तो सूर कळतो. म्हणजे, बघू या कसं होतं ते, मला काही खात्री नाही.

मला तो सूर झोंबला. मी त्यांना सांगितलं की हरतालिका आणि चतुर्थी हे दोन दिवस तुम्ही येऊ नका, ते आमचं आम्ही बघू. सणाच्या दिवशी मी नवऱ्याचंसुद्धा ऐकत नाही. त्यांनी पर्स उचलली आणि म्हणाल्या, "खलास. तुमचं किचन आहे."

हरतालिकेचा दिवस उजाडला तो दमट. बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मोदक वाफवून अबू धाबीला न्यायचे, म्हणून सारण आदल्या दिवशी करून ठेवायचं होतं. एवढे नारळ फोडत कोण बसणार म्हणून मी बाजारातून खवलेल्या ओल्या नारळाच्या पिशव्या आणवल्या होत्या. थंडगार, पांढऱ्याशुभ्र, सीलबंद. वेळ वाचवल्याबद्दल मी स्वतःवर खूश होते. सगळ्या पिशव्या मोठ्या पातेल्यात रिकाम्या केल्या, गूळ घातला, परतायला घेतलं. वेलदोड्याचा वास सुटला. बायका ओव्या म्हणाव्यात तशा आपापल्या सासवांच्या तक्रारी सांगत होत्या.

आणि मला काहीतरी टोचायला लागलं.

काय ते सांगता येईना. मी पातेल्यावर वाकून वास घेतला. ठीक वाटला. जाऊन पिठी बघितली, परत आले, परत वाकले. या वेळी ठीक वाटला नाही. गुळाच्या आणि वेलदोड्याच्या खाली काहीतरी होतं, का नव्हतं? गॅस बारीक केला, मोठा केला. ठाणेकरणीला विचारलं, तिनेही वास घेतला आणि म्हणाली, "मला तर बरा वाटतोय, मॅडम." साताऱ्याच्या बाईने नाक मुरडलं, पण तिला सर्दी होती. मी बाहेर जाऊन उन्हात उभी राहिले, नाक मोकळं व्हावं म्हणून. तिथे डिझेलचा वास. आत आले तर आता कशाचाच वास येईना. इतक्या वेळा हुंगलं होतं की नाकाने कामच सोडून दिलं होतं.

चमचाभर तोंडात टाकलं असतं की लगेच कळलं असतं. पण मला हरतालिकेचा उपास, मी त्या दिवशी पाणीही घेत नाही. बाकीच्या फळं खात होत्या, त्यांना खोबरं-गूळ चालला असता, पण नैवेद्याच्या सारणाला तोंड लावायचं म्हटल्यावर सगळ्यांनी हात मागे घेतले. घेतील नाहीतर काय? अशाच बायका मी वेचून वेचून घेतल्या होत्या. सोवळं पाळणाऱ्या, सांगावं न लागणाऱ्या. सगळं किचन माझ्यासारखंच. एकजात कुशल हात, आणि त्या दिवशी कामाला येईल अशी जीभ एकीचीही नाही.

मी नवऱ्याला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. उचलला असता तरी तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, त्याला काय फोनवर वास देणार होते? मी पातेल्याभोवती फेऱ्या मारायला लागले. मधूनच रीम आयलंडच्या मराठी मंडळाच्या, म्हणजे आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाच्या, सेक्रेटरीचा मेसेज आला, सगळं व्यवस्थित ना, आमच्याकडे पाहुणे खूप आहेत. त्याला अंगठा पाठवला आणि फोन पिठीच्या डब्यावर आपटून ठेवला. मला रडू येत होतं. चमचा हातात घेतला, तोंडापर्यंत नेला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला. मग मला स्वतःचाच असा संताप आला की तो चमचा मी सिंकमध्ये भिरकावला आणि आपांना फोन केला.

"आपा, येता का?"

त्यांनी कारण विचारलं नाही. "यल्ला, निघाले," एवढंच म्हणाल्या.

त्या कुठल्या तरी दुसऱ्याच किचनमधून, डोक्यावरची टोपी न काढता आल्या. दारातच चपला काढल्या. आमच्या किचनमध्ये इतर दिवशी कुणी पायातलं काढत नाही, सगळ्यांनी सेफ्टी शूज घालावेत असा नियम त्यांनीच लावलेला. पातेल्याला हात न लावता त्यांनी तळहात पुढे केला, तीर्थ घेताना करतात तसा. "वरून घाला," म्हणाल्या. मी वरून चमचाभर सारण त्यांच्या हातावर सोडलं. त्यांनी ते तोंडात टाकलं, डोळे मिटले, आणि लगेच सिंककडे जाऊन चूळ भरली.

"खवट आहे."

"थोडं? की..."

"वहिनी, खवट थोडं नसतं."

"पण कुठल्या तरी एकाच पिशवीत असेल ना?"

"असेल. पण तुम्ही सगळ्या एकत्र केल्यात ना? मग आता सगळंच खवट."

मी भिंतीला टेकून खाली बसले. ती बँकेतली खुर्ची मला स्पष्ट दिसली, चाकांची, निळ्या कापडाची. आपांनी माझी समजूत वगैरे काढली नाही. त्यांनी फोन लावून कुणाला तरी हबीबी हबीबी करत झापलं, गाडीची किल्ली उचलली आणि म्हणाल्या, "उठा. बाजार उघडा आहे. यांना म्हणावं पातेलं घासून ठेवा."

बाजार तिथून जवळच. नारळांच्या पोत्यांपुढे एका व्यापाऱ्याने आम्हाला एक पोतं दाखवलं आणि म्हणाला, "एक नंबर माल, मॅडम." आपा म्हणाल्या, "फोड के दिखाओ." त्याने कोयत्याने एक फोडला. आपांनी पाणी घोटभर घेतलं, खोबऱ्याचा एक तुकडा दातांखाली धरला, मान हलवली. दुसऱ्या पोत्यातला. तिसऱ्या. एका पोत्यातल्या नारळाचं पाणी त्यांनी तोंडात घेतलं आणि तिथेच थुंकलं. "हे पोतं बाजूला ठेव."

मी नुसती उभी होते. बोलायला काही नव्हतं आणि हात रिकामे. माझी चलबिचल बघून त्या म्हणाल्या, "चाखायचं ते इथेच चाखायचं, वहिनी. इथे हा नारळ देवाचा झालेला नाही, अजून या माणसाचा आहे. तुमच्या पातेल्यात गेल्यावर मीही चाखणार नाही. आज नाइलाज होता."

मला हे सुचलं कसं नाही? मी एवढी वर्षं करते आहे, कधीच खवट का निघालं नाही?

बहुतेक मी ते मोठ्याने बोलले असणार, कारण आपांनी विचारलं, "घरी नारळ फोडला की पाणी कोण पितं?"

"नवरा," मी म्हटलं.

आणि तिथेच, पोत्यांच्या मधोमध, माझ्या डोळ्यांपुढे तो ओट्याला टेकलेला आला. हातात पेला. दुसरा फोड.

आपा पुढच्या पोत्याकडे वळल्या होत्या. त्यांना मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी त्याचीही फी लावली असती.

नारळ भरून आणले. आपांनी कोणाला तरी सांगून खवण्याचं यंत्र मागवलं. बायकांनी घरी फोन केले की उशीर होईल. फोडलेल्या प्रत्येक नारळाचं पाणी, नारळ पातेल्यापर्यंत पोचण्याआधी, दाराबाहेर उभ्या आपांच्या हातात जात होतं. त्या घोट घेऊन मान हलवायच्या किंवा हात आडवा करायच्या. मी गूळ चिरायला बसले. यंत्र कुठे ठेवावं, पाणी कशात गाळावं, यावर मला बरंच काही म्हणायचं होतं. माझे ओठ हलत होते, पण मी बोलले नाही. ते मला उपासापेक्षा जड गेलं.

चतुर्थीला मोदक रीम आयलंडला वेळेत पोचले. सेक्रेटरीचा फोन आला तेव्हा मागे आरतीचा गोंधळ चालू होता. तो ओरडून म्हणाला, "घरच्यासारखे! अगदी घरच्यासारखे!" मी फोन ठेवला आणि तिथेच बॉसला मेसेज केला की ती खुर्ची आता कुणालाही द्या. मग आपांना विचारलं की पुढच्या महिन्यापासून रोज येणार का. त्या म्हणाल्या, "पिठीचे डबे कुठे राहणार ते आधी सांगा." मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तिथे. त्यांना ते खरं वाटलं नसावं.

घरी आले तर आमचा गणपती नैवेद्याची वाट बघत होता. नवऱ्याने मखर लावलं होतं, थोडं वाकडं. मी ते तसंच राहू दिलं. ओट्यापाशी उभं राहून घरच्या मोदकांसाठी नारळ फोडला आणि मागे न बघता पेला पुढे केला.

तो आला. पाणी प्यायला. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत चतुर्थीच्या सकाळी मी त्याच्या तोंडाकडे कधी बघितलंच नव्हतं. त्याने ओठ किंचित वाकडे केले आणि पेला खाली ठेवला.

"दुसरा फोड."

"दर वेळी याचसाठी म्हणायचास का?" मी विचारलं. "हा चांगला नाही म्हणून?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मला ऊन लागलं की काय अशा नजरेने.

"मग? तुला काय वाटायचं, मला तहान लागते?"

मी दुसरा नारळ घेतला.